काळी यादी, हॉलिवूडची

साम्यवादी असल्याच्या संशयावरून अमेरिकी चित्रपटकर्मींना काम नाकारण्याची १९४७ पासून सु. १९६० पर्यंतची प्रथा (पहा : शीतयुद्ध).

उगम : ऑक्टोबर १९४७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया समितीपुढे दहा चित्रपटकर्मींनी साम्यवादी पक्षाच्या सदस्यत्वाविषयी उत्तर देण्याचे नाकारले. पुढे त्यांना सभागृहाच्या अवमानाबद्दल कारावास झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टुडिओप्रमुखांनी त्यांना कामावरून दूर केल्याचे जाहीर केले.

स्वरूप : बहिष्काराला कायद्याचा आधार नव्हता. १९५१ नंतरच्या चौकश्यांत सहकाऱ्यांची नावे सांगणाऱ्यांना सहसा पुन्हा काम मिळे. बहिष्कृत लेखक टोपणनावाने किंवा इतरांच्या नावे लिहीत (पहा : मॅकार्थीवाद).

महत्त्व : शासकीय बंदीविना, उपजीविका गमावण्याच्या भयातून अभिव्यक्ती नियंत्रित झाल्याचे हे उदाहरण होय (पहा : अभ्यवेक्षण). १९६० मध्ये *एक्सोडस* व *स्पार्टाकस* या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत बहिष्कृत लेखक डाल्टन ट्रंबो यांचे नाव आल्यावर प्रथा ढासळू लागली.