कंसातल्या नोंदी

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आदेशांवर चालणाऱ्या, मशीनचा प्रोग्राम लिहितो एक, सेटिंग करतो दुसरा आणि जॉब काढतात तीन पाळ्यांचे ऑपरेटर. लिहिणाऱ्याच्या डोक्यातले पुढच्या हातापर्यंत पोहोचवायचे कसे, हा या कामाचा जुना प्रश्न आहे.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे या भागात टेल्को, बजाज यांसारख्या कारखान्यांच्या आधाराने लहान वर्कशॉप वाढली. साध्या लेथवर कामाची आठवण कारागिराच्या हातात असे. बाकीचे ड्रॉइंग आणि पाळीचे रजिस्टर सांभाळत.

अंकांवर चालणारे मशीन अमेरिकेत एमआयटीने १९५२ साली दाखवले. त्याचा प्रोग्राम भोके पाडलेल्या पट्टीवर असे, इंचाला दहा अक्षरे. पुढे कंट्रोलला स्वतःची मेमरी आली, तरी ती पट्टीच्या मीटरांतच मोजत: ४० मीटर म्हणजे जेमतेम १६ हजार अक्षरे. प्रोग्राममध्ये माणसासाठी कंसात लिहिलेली टीप मशीन वाचत नाही, पण ती जागा खाते. म्हणून टिपांना कात्री लागे. ती काटकसर महागात पडणारी होती.

कारण प्रोग्रामच्या भाषेत बरेचसे आदेश बदलेपर्यंत लागू राहतात. वर कुठेतरी जी ९१ दिला असेल, तर खालचे प्रत्येक माप मागच्या बिंदूपासून धरले जाते, जॉबच्या शून्यापासून नाही. रात्रपाळीत तिसऱ्या टूलचे इन्सर्ट तुटले आणि ऑपरेटरने मधूनच प्रोग्राम सुरू केला, तर वरचे आदेश मशीनला मिळालेलेच नसतात. टूल जॉबवर आदळू शकते.

जाणत्या प्रोग्रामरांनी यावर रीत बसवली. ओळीचा एन क्रमांक फक्त टूल बदलताना द्यायचा, तिसऱ्या टूलला एन ३. म्हणजे शोधायला सोपे. प्रत्येक टूलच्या सुरुवातीला जी ९० (म्हणजे मापे शून्यापासून), ऑफसेट, स्पिंडलचा वेग, कूलंट पुन्हा लिहायचे. शेवटी एम ०१, म्हणजे पहिला पीस काढताना थांबून माप घेता येते. वर कंसात ड्रॉइंगचा क्रमांक, रिव्हिजन, टूलचे नाव. जुन्या कंट्रोलच्या कीबोर्डवर रोमन मोठी अक्षरेच असल्याने मराठी सूचनाही त्याच लिपीत लिहावी लागे.

१९९९ साली बजाजचा, २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आला, तोवर बरेच प्रोग्राम कॅम सॉफ्टवेअर लिहू लागले होते. ते हजारो ओळी काढते. कंसात काय यावे हे मात्र माणसालाच आधी ठरवून द्यावे लागते. जॉब धरणारा जॉ कोणता, टूल किती बाहेर, शून्य कुठे, हे सांगणारी सेटिंग शीट आजही मशीनजवळच लावलेली असते.