१ मे कोणाचा?

दरवर्षी १ मेला आपण गेटपाशी झेंडावंदन करतो ते महाराष्ट्र दिनाचं. १९६० साली याच दिवशी मुंबईसह महाराष्ट्र झाला. आपल्या गुजराती शेजाऱ्यांचं राज्यही त्याच दिवशीचं, हे आपण विसरतोच!

पण तारीख त्याआधीपासून कामगारांची. दिवसाला आठच तास काम, या मागणीसाठी १८८६ मध्ये अमेरिकेतल्या कामगारांनी १ मेला संप केला. भारतात पहिला कामगार दिन १९२३ साली मद्रासला, सिंगारवेलु यांनी पाळला. मुंबईसाठी रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणी कामगार होतेच, म्हणून दोन्ही दिवस एकत्र आले ते मला बरं वाटतं.

आपल्या वॉचमनची ड्यूटी मात्र अजून बारा तासांची. मेंटेनन्स वाढेल म्हणून जनरल बॉडीत विषय दोनदा मागे पडला. येत्या सभेत मी तो पुन्हा मांडणार आहे.