विद्यमान विजेता : एका खुर्चीची कुळकथा

दूरचित्रवाणीवरील काही प्रश्नमंजूषांमध्ये जिंकलेला स्पर्धक बक्षीस घेऊन घरी जात नाही. तो पुढच्या भागात नव्या प्रतिस्पर्ध्यांसमोर त्याच जागी उभा राहतो, आणि कोणी त्याला हरवीपर्यंत ती जागा त्याचीच राहते. अशा लागोपाठ विजयांच्या मालिकेला वृत्तपत्री मराठीत ‘विजयी घोडदौड’ म्हणतात आणि तिचे श्रेय सहसा घोडदौड करणाऱ्याच्या स्मरणशक्तीला दिले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण खुर्ची कोणी सोडायची आणि केव्हा सोडायची, हे स्पर्धक ठरवीत नसून खेळाचा नियम ठरवितो, आणि या प्रथेचा इतिहास मुख्यतः त्या एका नियमाचा इतिहास आहे.

एकाने जागा धरून बसायचे आणि आव्हान देणाऱ्यांनी पाळीपाळीने यायचे, ही मांडणी भारतीय वाचकाला अनोळखी नाही. बृहदारण्यकोपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात जनकाच्या यज्ञात हजार गाई पणाला लागतात, याज्ञवल्क्य वादाआधीच त्या हाकून न्यायला शिष्याला सांगतो, आणि मग अश्वल, आर्तभाग, भुज्यु, उषस्त, कहोळ, गार्गी, उद्दालक, पुन्हा एकदा गार्गी आणि शेवटी शाकल्य त्याला प्रश्न विचारतात. प्रश्नकर्ते बदलतात, उत्तर देणारा बदलत नाही. वेताळपंचविशीत तर फेऱ्याच मोजलेल्या आहेत: राजा दर वेळी बरोबर उत्तर देतो, वेताळ झाडावर परत जातो, आणि जेव्हा एका प्रश्नाला उत्तर सापडत नाही, तेव्हाच ही येरझार थांबते. अर्थात या साम्यावरून ‘हे सारे आपल्याकडे पूर्वीच होते’ असा निष्कर्ष काढणे हा केवळ अभिमान होईल, इतिहास नव्हे. दोन गोष्टी एकसारख्या दिसल्याने त्यांचे कूळ एक ठरत नाही.

पूर्व विदर्भात हे साम्य ग्रंथाबाहेरही आढळते. झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्रेसारखा मेळा होतो, आणि त्या निमित्ताने दंडार, नाटक व खडी गंमत यांचे प्रयोग होतात. खडी गंमत हा उभ्याने सादर होणारा तमाशाचा तिकडचा प्रकार असून त्यात दोन शाहिरांचे फड समोरासमोर येतात, तेव्हा त्या मुकाबल्याला ‘दुय्यम’ म्हणतात. कलगी-तुऱ्याच्या परंपरेत एक पक्ष शक्तीचा आणि दुसरा शिवाचा कैवार घेतो. एका बाजूने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्या बाजूने गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि पुराणातील आडवळणाचे कोडे घालणाऱ्या रचनेला ‘भेदिक’ म्हणायचे, अशी ही रीत आहे. ज्ञानाची परीक्षा हीच करमणूक होऊ शकते, हे झाडीपट्टीतल्या श्रोत्याला दूरचित्रवाणीने शिकवावे लागले नाही.

दूरचित्रवाणीवरील प्रथेचे प्रत्यक्ष कूळ मात्र अमेरिकेतले आहे. तेथील नभोवाणीवर १९४० मध्ये सुरू झालेल्या एका खेळात सर्वांत मोठे बक्षीस ६४ डॉलरांचे होते. १९५५ मध्ये सीबीएस वाहिनीने तीच कल्पना हजारपट करून ‘६४,००० डॉलरांचा प्रश्न’ हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आणला आणि स्पर्धकाला दर आठवड्याला परत बोलावण्यास सुरुवात केली. एका भागात संपणाऱ्या खेळाला त्यामुळे मालिकेची ओढ आली, आणि जाहिरातदाराला हवी होती ती नेमकी हीच ओढ.

जिथे ओढ हवी असते तिथे ती बनविण्याचा मोह होतो. १९५६ मध्ये एनबीसी वाहिनीवर आलेल्या ‘ट्वेंटी-वन’ या खेळात हर्बर्ट स्टेम्पल हा स्पर्धक आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. निर्मात्यांनी त्याला उत्तरे आधी पुरविली होती आणि पुढे हरण्याचीही सूचना दिली. १९५५ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर ‘मार्टी’ला मिळाले, हे त्याला पक्के ठाऊक असताना त्याने दुसरेच नाव सांगितले आणि जागा कोलंबिया विद्यापीठातील तरुण प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन याच्यासाठी मोकळी केली. व्हॅन डोरेनने १,२९,००० डॉलर मिळविले, देशभर लौकिक मिळविला, आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये काँग्रेसच्या उपसमितीपुढे सारे बनावट असल्याची कबुली दिली. १९६० मध्ये अशा लबाडीला गुन्हा ठरविणारा कायदा झाला. विजयमालिका ही त्यानंतर बराच काळ कौतुकापेक्षा संशयाची वस्तू राहिली.

३० मार्च १९६४ रोजी सुरू झालेला ‘जेपर्डी’ हा याच संशयाच्या छायेत जन्मलेला खेळ होय. निर्माता मर्व्ह ग्रिफिन याच्या पत्नीने सुचविलेली त्यातली युक्ती अशी की, उत्तर निवेदकाने द्यायचे आणि स्पर्धकाने त्याचा प्रश्न सांगायचा. उत्तरे पुरविण्याच्या घोटाळ्यावर याहून खोचक भाष्य क्वचितच कोणी केले असेल. तेथे तिघे खेळतात, विजेता परत येतो, परंतु पाच विजयांनंतर त्याने निवृत्त व्हावे असा नियम होता. हा नियम २००३ मध्ये काढून टाकला गेला, आणि पुढच्याच वर्षी केन जेनिंग्स या संगणक अभियंत्याने २ जून ते ३० नोव्हेंबर या काळात प्रसारित झालेल्या भागांत सलग ७४ विजय मिळवून २५,२०,७०० डॉलर जिंकले. जुना नियम असता तर हा माणूस पाचव्या विजयानंतर घरी गेला असता आणि त्याचे नाव कोणाला आठवले नसते. या खेळाचे पाच भाग एकाच दिवशी चित्रित होतात, त्यामुळे विजेत्याला दोन भागांच्या मध्ये कपडे बदलून ‘दुसऱ्या दिवशी’ यावे लागते. प्रेक्षकाला सहा महिने चाललेली वाटणारी घोडदौड प्रत्यक्षात मोजक्या दिवसांत उरकलेली असते. पुढे जेम्स होल्झॉवरने ३२, मॅट अमोडिओने ३८ आणि एमी श्नायडरने ४० सलग विजय मिळविले. ७४ हा आकडा त्यांनाही गाठता आला नाही. ब्रिटनच्या ‘काउंटडाउन’ या १९८२ पासूनच्या शब्द-अंकांच्या खेळात आजही आठ विजयांनंतर विजेत्याला थांबावे लागते.

भारतात ही प्रथा रुजलीच नाही. नभोवाणीवरील बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट शाळांच्या संघांची होती आणि १९८५ चा दूरदर्शनवरील सिद्धार्थ बसूंचा ‘क्विझ टाइम’ही संघांचाच होता, तिथे बाद फेरी, उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी, हे क्रीडास्पर्धेचे वळण होते. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर सुरू झालेला ‘कौन बनेगा करोडपती’ मूळ ब्रिटिश खेळावर बेतलेला होता, आणि त्या खेळात प्रतिस्पर्धीच नाही: एक माणूस प्रश्नांच्या शिडीविरुद्ध खेळतो. त्याच वर्षी पहिले कोटी जिंकणारे मुंबईचे हर्षवर्धन नवाथे असोत, किंवा २०१९ मध्ये कोटी जिंकणाऱ्या, अमरावती जिल्ह्यातील शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बबिता ताडे असोत, दोघांनाही एकदाच जिंकता आले. परतून येण्याची तेथे एकच सोय आहे: भाग संपल्याचा हूटर वाजला आणि खेळ अर्धा राहिला, तर स्पर्धक पुढच्या भागात येतो आणि त्याला ‘रोलओव्हर’ स्पर्धक म्हणतात. म्हणजे अमेरिकेत परत येणारा जिंकलेला असतो, आपल्याकडे परत येणारा अजून जिंकायचा असतो.

प्रथा नसल्याने तिच्यासाठी नेमका मराठी शब्दही घडला नाही. क्रीडावृत्तांतून आलेला ‘गतविजेता’ हा शब्द मागच्या वर्षी जिंकून या वर्षी उतरणाऱ्याला शोभतो. काल जिंकून आज त्याच जागी उभ्या असलेल्याला ‘गत’ म्हणणे विपरीत आहे. ‘विद्यमान विजेता’ हा शब्द त्यापेक्षा बरा.