स्पर्शाविना संगीत : थेरेमिनपासून रडारपर्यंत

प्रस्तावना :
हवेत हात फिरवून गाणे बदलणे ही एकविसाव्या शतकाची देणगी आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः स्पर्शाविना ध्वनी नियंत्रित करण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. या इतिहासात हाताची भूमिका कशी बदलत गेली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

थेरेमिनचा उदय :
रशियन पदार्थवैज्ञानिक लेव्ह तेर्मेन (१८९६-१९९३) हे पेट्रोग्राड येथे वायूंच्या विद्युत गुणधर्मांचे मापन करीत असताना, यंत्राजवळ हात नेल्यास त्यातून निघणारा स्वर बदलतो, असे त्यांच्या लक्षात आले. त्यातूनच १९२० मध्ये 'थेरेमिन' हे वाद्य जन्मास आले. यात उच्च वारंवारतेचे दोन दोलक असतात. हात उभ्या अँटेनाजवळ येताच विद्युत धारिता बदलते, एका दोलकाची वारंवारता ढळते आणि दोहोंतील फरक स्वररूपाने ऐकू येतो. दुसरा हात आडव्या वलयाजवळ नेला असता आवाज मंदावतो. १९२२ मध्ये तेर्मेन यांनी लेनिनसमोर याचे प्रात्यक्षिक केले. १९२८ मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले व पुढे आरसीए कंपनीने सुमारे ५०० वाद्ये तयार केली. मात्र आर्थिक मंदी आणि वादनाची कठीणता यांमुळे त्याचा घरोघरी प्रसार झाला नाही.

ही कठीणता मूलभूत होती. या वाद्याला ना पट्ट्या, ना तारा, ना पडदे. स्वर केवळ कानाने शोधावा लागतो. आपल्याकडील मींडेसारखी स्वरांची सलगता येथे आपोआप येते. स्वर सुटा वाजविणे हेच कसब ठरते. शारीरिक व्याधीमुळे व्हायोलिन सोडावे लागलेल्या क्लारा रॉकमोर यांनी यासाठी बोटांच्या हालचालींचे स्वतंत्र तंत्र विकसित केले व या वाद्यास मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली.

वादनाकडून आज्ञेकडे :
२०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट'ने अवरक्त किरणांच्या साहाय्याने शरीराची हालचाल टिपली. २०१९ मध्ये गूगलच्या 'पिक्सेल ४' या भ्रमणध्वनीत ६० गिगाहर्ट्झचे सूक्ष्म रडार आले. हात हलविताच पुढचे गाणे लागे. या वारंवारतेच्या वापरास परवानगी नसल्याने तो भारतात विक्रीस आला नाही, आणि २०२० च्या 'पिक्सेल ५' मधून हे रडार वगळण्यात आले. जे काम बोटाच्या एका स्पर्शाने होते, त्यासाठी हवेतील संकेत ही अनेकांस गरज वाटली नाही.

निष्कर्ष :
थेरेमिनमध्ये हात स्वर निर्माण करीत असे; नव्या साधनांत तो तयार संगीतास केवळ आज्ञा देतो. पहिल्यास साधना लागते, दुसऱ्यास सवय पुरते. शिवाय, हात ओळखणारे यंत्र माणसावर लक्षही ठेवू शकते. १९३९ मध्ये अटक झालेल्या तेर्मेन यांनीच पुढे कैदेत असताना सोव्हिएत सत्तेसाठी गुप्त श्रवणयंत्र घडविले. १९४५ मध्ये अमेरिकी राजदूतास भेट दिलेल्या काष्ठचिन्हात दडवलेले ते यंत्र १९५२ मध्ये उघडकीस आले. म्हणूनच या तंत्राचे मूल्यमापन करताना यंत्र हाताला किती स्वातंत्र्य देते, याबरोबरच ते माणसाविषयी काय टिपून घेते, हेही पाहणे अगत्याचे ठरते.