शटर स्पीड किती ठेवायचा? फोटो का हलतो?

मिरवणुकीत ढोलवादकाचा फोटो काढला, पण हात आणि चेहरा दोन्ही धूसर आले. महागड्या कॅमेऱ्यातही असं होतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: शटर स्पीड कमी पडलेला असतो.

शटर स्पीड म्हणजे नेमकं काय?

फोटो काढताना सेन्सरवर जितका वेळ प्रकाश पडतो, तो वेळ म्हणजे शटर स्पीड. १/२५० म्हणजे सेकंदाचा २५०वा भाग. तेवढ्या वेळात जे हलतं, ते धूसर दिसतं.

हात हलला की माणूस?

सगळा फोटो धूसर असेल, तर बहुधा कॅमेरा हलला. मागची भिंत स्पष्ट आणि माणूस धूसर असेल, तर माणूस हलला.

हातासाठी साधा नियम आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिमीची लेन्स असेल, तर स्पीड किमान १/२०० ठेवा. एपीएस-सी सेन्सर असेल, तर साधारण दीडपट, म्हणजे १/३२०. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही.

कशासाठी किती?

- पोज देऊन उभी असलेली माणसं: १/१२५
- चालणारी माणसं: १/२५०
- धावणारी मुलं: १/५००
- क्रिकेट, उडणारे पक्षी: १/१००० किंवा जास्त
- धबधब्याचं पाणी दुधासारखं हवं असेल: अर्धा ते एक सेकंद, ट्रायपॉडवर

हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. फोटो मोठा करून पाहा आणि गरजेनुसार बदला.

प्रकाश कमी असेल तर?

स्पीड १/१२५ वरून १/२५० केला, की प्रकाश निम्मा होतो. ॲपर्चर आणखी उघडत नसेल, तर आयएसओ दुप्पट करा. फोटो थोडा दाणेदार होईल, पण दाणे सॉफ्टवेअरमध्ये बरेच कमी करता येतात. हललेला चेहरा मात्र सहसा सुधारत नाही. पुन्हा न येणारा क्षण टिपायचा असेल, तर आधी स्पीड सांभाळा.

हॉलमधल्या दिव्यांखाली फोटोत काळसर पट्टे येतात का? भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अशा वेळी १/१०० किंवा १/५० वापरून पाहा.

सेटिंग कुठे सापडेल?

निकॉन आणि सोनीच्या डायलवर ‘एस’, तर कॅननवर ‘टीव्ही’ हा मोड निवडा. स्पीड तुम्ही ठरवा, ॲपर्चर कॅमेरा ठरवेल. आयएसओ ‘ऑटो’वर ठेवला, तर तोही कॅमेराच सांभाळेल.