प्रादेशिक हवामान प्रारूपांतील अतिवृष्टीविषयक त्रुटी

विशिष्ट प्रदेशाचे हवामान संगणकाद्वारे वर्तवणाऱ्या प्रारूपांनी (मॉडेल) दाखवलेला पावसाळ्यातील जोरदार पाऊस आणि प्रत्यक्ष नोंदलेला पाऊस यांत वारंवार आढळणारी तफावत. ती पावसाचे प्रमाण, ठिकाण, वेळ आणि वारंवारता या चारही बाबतींत असते. प्रस्तुत नोंदीत भारतातील नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : प्रादेशिक प्रारूप आपल्या सीमांवरील वारा, तापमान व बाष्प यांची मूल्ये जागतिक प्रारूपाकडून घेते आणि आतील प्रदेशाचे गणित अधिक बारीक चौकटींवर करते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रॉबर्ट डिकिन्सन, फिलिपो जॉर्जी आदींनी ही पद्धत विकसित केली. जागतिक हवामान संशोधन कार्यक्रमाने २००९ मध्ये ‘कॉर्डेक्स’ हा उपक्रम सुरू केला. त्यात दक्षिण आशियासाठी आधी सुमारे ५० किमी. आणि पुढे २५ किमी. रुंदीच्या चौकटी वापरण्यात आल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा त्यात प्रमुख सहभाग आहे.

कारणे : (१) भूरचना. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिमी. हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे जेमतेम २५ किमी.वरील, पर्जन्यछायेतील वाईला १,००० मिमी. हूनही कमी. ५० किमी.च्या एकाच चौकटीत ही दोन्ही गावे मावतात. अशा चौकटीत सह्याद्रीचा कडा सरासरीने बसका होतो. त्यामुळे घाटमाथ्यावरचा प्रतिरोध पाऊस कमी भरतो किंवा कड्याच्या पूर्वेला सरकतो.

(२) ढगांचे गणित. गडगडाटी ढग काही किलोमीटरच रुंद असतात, म्हणून मोठ्या चौकटीत त्यांचा परिणाम ढोबळ सूत्रांनी मांडावा लागतो. ही सूत्रे बहुधा ढगांना लवकर बरसवतात. परिणामी भुरभुर पावसाचे दिवस वाढतात, मुसळधार पावसाचा जोर घटतो आणि जमिनीवर संध्याकाळकडे पडणारा पाऊस दुपारीच पडलेला दिसतो.

(३) सीमा व समुद्र. जागतिक प्रारूपातच मोसमी वारे क्षीण असतील, तर तो दोष आत झिरपतो. समुद्रपृष्ठाचे तापमान बाहेरून ठरवून दिले असल्यास ढग व पावसामुळे समुद्र थंड होण्याचा परिणाम गणितात येत नाही. मध्य भारतात पाऊस कमी आणि समुद्रावर जास्त, असा दोष अनेक प्रारूपांत आढळतो.

पडताळणीतील अडचणी : प्रारूपाचा आकडा संपूर्ण चौकटीची सरासरी असतो, पर्जन्यमापकाचा आकडा एका जागेचा. २७ जुलै २००५ च्या सकाळी ८.३० वाजता संपलेल्या २४ तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी., तर कुलाब्याला अवघा ७३ मिमी. पाऊस नोंदला गेला. म्हणून आधी मोजमापे चौकटीच्या पातळीवर आणून मगच तुलना करतात. मात्र पर्जन्यमापक विरळ असलेल्या डोंगराळ भागात तीही अपुरी पडते. हंगामाची एकूण बेरीज जुळली, तरी तेवढ्यावरून प्रारूप विश्वासार्ह ठरत नाही. पावसाचे जास्त दिवस आणि दर दिवशीचा कमी पाऊस या दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. त्यामुळे दैनिक व तासागणिक पावसाची स्वतंत्र पडताळणी आवश्यक असते.

उपाय व मर्यादा : सुमारे ४ किमी. किंवा त्याहून लहान चौकटींत मोठे गडगडाटी ढग सूत्रांच्या आधाराविना थेट मांडता येतात. दक्षिण ब्रिटनसाठी १.५ किमी.च्या प्रारूपावर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तापमानवाढीमुळे उन्हाळ्यातील तासाभराच्या सरी अधिक जोरदार होतील असे दिसले, १२ किमी.च्या प्रारूपात तसे आढळले नाही. मात्र अशा प्रारूपांना संगणकीय खर्च फार लागतो आणि ती अनेकदा जोरदार सरींची तीव्रता वाढवून दाखवतात. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या नोंदींशी ताडून आकडे सांख्यिकी पद्धतीने दुरुस्त करणे. त्याने तीव्रतेचे वितरण सुधारते. परंतु पाऊस चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या कारणाने पडला असल्यास ते दुरुस्त होत नाही. शिवाय आजची चूक भविष्यातही तशीच राहील, हे त्यात गृहीत धरलेले असते. धरणांचे सांडवे किंवा शहरांतील पर्जन्यजलवाहिन्या यांचे आराखडे करताना म्हणूनच एकाच प्रारूपाच्या आकड्यावर न विसंबता अनेक प्रारूपांचा पल्ला विचारात घेतला जातो.