गुत्ता, हातभट्टी आणि दहा बाय दहाची खोली



‘गुत्ता’ हा शब्द आपल्या बीडकडे सर्वांच्या तोंडी आहे. त्याचा मूळ अर्थ मक्ता. सडकेचे काम घेतो तो गुत्तेदार. परंतु अमका ‘गुत्त्यावर गेला’ एवढेच म्हटले, की तो कोठे गेला हे लहान पोरालाही समजते. निजामाच्या अमलात दारू आणि शिंदी विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. ज्याची बोली मोठी त्याचा गुत्ता. १३१६ फसलीच्या, म्हणजे साधारण १९०६-०७ च्या, आबकारी कायद्याने हा सगळा व्यवहार बांधला गेला आणि संस्थानाच्या तिजोरीला त्याचा मोठा आधार होता. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी शिंदीची झाडे तोडली. त्यांचा रोख पिणाऱ्यांइतकाच निजामाच्या उत्पन्नावर होता.

दारू प्यावी की पिऊ नये यावर कीर्तन करण्यास मी उभा नाही. ते करणारे पुष्कळ आहेत. मला पाहायचे आहे ते एवढेच, की घरात दारू गाळण्याचे भांडे गुन्ह्याचे कधी झाले, आणि तो गुन्हा कोणाच्या माथी बसला.

इंग्रजांचे जुने धोरण खेड्यातली भट्टी परवान्यावर चालू देण्याचे होते. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ते पालटले. दारू सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीत गाळायची, तेथेच कर घ्यायचा, आणि गावची भट्टी बंद. पुढे १८९२ साली मोहाचा कायदा आला आणि ठाणे-कुलाबा भागांत मोहाची फुले बाळगण्यावरसुद्धा निर्बंध बसले. मोह हे आदिवासींचे अन्न आहे, हे साहेबाला माहीत नव्हते असे नाही. दुसऱ्या बाजूने, १८८० साली पुणे नगरपालिकेत दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार करणारे सभासद होते महात्मा जोतीराव फुले. घरची भट्टी फोडणारे आणि गल्लीत दुकान उघडणारे सरकार एकच होते, हे त्या काळाकडे पाहताना ध्यानात ठेवावे लागते.

दारूबंदीचा पहिला मोठा प्रयोग मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी झाला. तो टिकला नाही. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून संपूर्ण बंदी झाली. आपला जिल्हा १९५६ साली हैदराबादेतून मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली तो कायदा आपल्यालाही लागू झाला. त्याचे ६५ वे कलम मुद्दाम वाचण्याजोगे आहे. दारू गाळणे हा गुन्हा, हे तर खरेच. पण त्यासाठी लागणारे साहित्य आणि भांडी बाळगणे हाही गुन्हा. आणि १०३ व्या कलमाप्रमाणे अशा भांड्याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर गुन्हा घडला असे गृहीत धरायचे.

आता ही भांडी कोणती? एक मोठे पातेले किंवा डबा, वर उपडे ठेवायला दुसरे भांडे, सांध्याला कणीक किंवा माती, वाफ वाहून न्यायला नळी, आणि ती थंड करायला पाण्याचे टोपले. नळी सोडली तर यातली कोणती वस्तू गरिबाच्या चुलीपाशी नसते? काळा गूळ, नवसागर आणि सडकी फळे बाजारात मिळत. अडचण जागेची होती. गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत आठदहा माणसे पाळीपाळीने झोपत. नळाला पाणी ठरल्या वेळी, कोपऱ्यात एवढीशी मोरी. गाळण्याला पाणी फार लागते, आणि आंबलेल्या रसायनाचा वास भिंतीआड राहत नाही. म्हणून गाळणे बहुधा खाडीकाठी, दलदलीत आणि झोपडवस्तीच्या कडेला होई. तेथून माल मोटारीच्या ट्यूबांत भरून येई आणि खोलीत फक्त पेला मिळे. गोव्याकडच्या व वसईकडच्या बायकांनी राहत्या घरात असे अड्डे चालविले. गिऱ्हाईक त्यांना ‘आंटी’ म्हणे. त्यांतल्या कितीएक घरात मिळवते माणूस नसल्यामुळे या धंद्यात पडल्या.

अमेरिकेतही १९२० ते १९३३ दारूबंदी होती. पण तेथे कुटुंबाला घरी वर्षाकाठी दोनशे गॅलन फळांचा रस आंबविण्याची वाट ठेवली होती. तळघर असलेल्याने ती वापरली. आपल्याकडे पैसेवाल्याला वैद्यकीय परवाना मिळे आणि परळच्या खोलीत धाड पडे. वसंतराव नाईकांच्या कारकीर्दीत बंदी सैल झाली. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले. मात्र १९८१ साली विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा आला, तेव्हा त्याच्या नावातच ‘हातभट्टीवाले’ हा शब्द बसला. गल्लीतली बोली थेट कायद्याच्या मथळ्यात गेली, असे क्वचित घडते.

हातभट्टीने माणसे मरतात, असे म्हणतात. मोठी हत्याकांडे झाली ती बहुधा कारखान्यातले मिथिल अल्कोहोल मिसळल्याने. २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसे गेली ती त्यानेच. ते विष गुळातून येत नाही; चोरीच्या पिंपातून येते.

आता आपल्याकडे वळतो. बीडचा मजूर ऊस तोडतो. उसाची साखर होते, उरलेल्या मळीचा मद्यार्क होतो, मद्यार्काची देशी बाटली होते. फडावर खर्ची वाटण्याच्या दिवशी तीच बाटली कोपीपाशी येऊन उभी राहते. मुकादमाच्या वहीत ती उचलीत चढते, आणि उचल कोयत्याच्या, म्हणजे नवराबायको दोघांच्या, अंगावर असते. पितो एक, फेडतात दोघे. युनियनच्या कामात मी या वह्या पुष्कळ पाहिल्या. कोठेही ‘दारू’ असे लिहिलेले नसते. ‘किरकोळ’ असे लिहिलेले असते. हिशेबाला बसताना आम्ही प्रथम ‘किरकोळ’चीच बेरीज करतो.

२००८ च्या आदेशाने बायकांना गावातले दुकान बंद करण्याचा मार्ग मिळाला. पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी सह्या करून मतदान मागायचे आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. पण अट घातली ती यादीतल्या एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांची. आपल्या ऊसतोड्या गावांतून दिवाळीनंतर निम्म्या बायका कोल्हापूर, सांगली आणि कर्नाटकाकडे गेलेल्या असतात. त्या गैरहजर बायकांची मते उभ्या बाटलीच्याच पारड्यात पडल्यासारखी होतात. म्हणून आम्ही गावोगाव सांगत आलो, की अर्ज टोळ्या निघण्याआधी द्या आणि मतदानाची तारीख पाडव्याच्या पुढची मागा.